धुरानंतरची नदी

मासेमारीवर लेख लिहिण्याचा अधिकार वसईत कोणाला असेल तर तो पाचूबंदरच्या व नायगावच्या कोळी बांधवांना आहे, धर्मगुरूला नव्हे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. आम्ही वाढलो केळीच्या वाडीत. बालपणी बावखलात गळ टाकून चार-दोन मासे धरले असतील, तेवढीच आमची या क्षेत्रातील कमाई. तरीही हा विषय हाती घेत आहोत, कारण वणवा डोंगरावर पेटतो आणि त्याचा हिशेब मात्र खाली नदीत होतो, ही गोष्ट आम्हांस एका परक्या देशातील मासे धरणाऱ्या माणसांनी शिकविली. पुस्तकांतून ती आम्ही वाचली नव्हती आणि सेमिनरीतही ती कोणी सांगितली नव्हती.

२०१७ च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही अमेरिकेच्या मोंटाना राज्यात पोहोचलो. तेथील एका धर्मग्रामाचे धर्मगुरू शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेले होते व अडीच महिने त्यांच्या जागी सेवा करण्याचे आम्ही मान्य केले होते. रॉकी पर्वतांच्या कुशीत जाणार, म्हणून विमानात मुद्दाम खिडकीची जागा घेतली होती. डोंगर मुळीच दिसले नाहीत. खाली तांबूस करड्या रंगाची एक गोधडी पसरली होती आणि सूर्य तिच्यावर कुंकवाच्या टिळ्यासारखा लाल चिकटला होता. विमानतळाबाहेर पाऊल टाकताच घसा खवखवू लागला. आम्हांस घेण्यास आलेल्या गृहस्थांनी हस्तांदोलनाआधी एक मुखपट्टी आमच्या हाती ठेवली.

आमचे धर्मग्राम बिटररूट नदीच्या खोऱ्यात होते. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. पूर्व फाटा व पश्चिम फाटा असे तिचे दोन प्रवाह कॉनर गावाजवळ एकत्र येतात आणि मिझुला शहराजवळ ती क्लार्क फोर्क नदीला मिळते. पश्चिमेस बिटररूट पर्वताची उंच, कातीव शिखरे आणि पूर्वेस सफायर डोंगरांच्या मवाळ उतरणी. कॅथलिक वाचकांना या खोऱ्याची आणखी एक ओळख करून द्यावयास हवी. येथील सॅलिश आदिवासींनी १८३१ पासून १८३९ पर्यंत चार वेळा शेकडो कोस दूर सेंट लुई येथे आपली माणसे पाठविली व धर्मगुरूंची मागणी केली. त्या मागणीला उत्तर म्हणून येशूसंघीय फादर द स्मेट १८४१ च्या सप्टेंबरात येथे आले व त्यांनी सेंट मेरीज मिशन स्थापिले. पुढे फादर रावाल्ली हे इटालियन धर्मगुरू येथे वैद्य झाले, सुतार झाले, मूर्तिकार झाले. आज तो सारा जिल्हाच त्यांच्या नावाने ओळखला जातो. ज्या सॅलिशांनी एवढ्या आर्ततेने धर्म मागून घेतला, त्यांना मात्र १८९१ मध्ये आपले हे खोरे सोडून उत्तरेच्या राखीव भूमीत जावे लागले. त्यांच्या भाषेतील मिझुलाच्या जागेच्या नावाचा अर्थ 'लहान बुल ट्राउटांची जागा' असा आहे. गावाची ओळख माशावरून ठेवणारे ते लोक नदीला आमच्यापेक्षा अधिक जाणत असले पाहिजेत.

त्या वर्षी १५ जुलैला लोलो शिखराजवळ वीज पडली आणि वणवा लागला. दोन महिन्यांत त्याने ५३ हजार एकरांहून अधिक रान जाळले. शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली आणि ऑगस्टच्या २ तारखेला आग विझविणारा एक तरुण कोसळत्या झाडाखाली सापडून मरण पावला. हा एकच वणवा नव्हे. त्या उन्हाळ्यात मोंटानात दहा लाखांहून अधिक एकर भूमी जळाली. सीली लेक नावाच्या गावात धुराचे प्रमाण इतके वाढले की लोकांना गाव सोडण्याचा सल्ला देण्यात आला. पुढे मोंटाना विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या गावकऱ्यांची तपासणी केली, तेव्हा वर्ष-दोन वर्षे उलटल्यावरही त्यांच्या फुफ्फुसांची शक्ती उणावलेली आढळली. आमच्या मंदिराच्या खिडक्यांना ओल्या टॉवेलांच्या पट्ट्या लावलेल्या होत्या. पहिल्या रविवारच्या मिस्सेत प्रवचनापेक्षा खोकलाच अधिक ऐकू आला.

आणि मग सप्टेंबरच्या मध्यास पाऊस आला, उंचावर हिम पडले आणि तीन-चार दिवसांत आकाश धुऊन निघाले. ज्या डोंगरांखाली आम्ही पंधरवडाभर राहत होतो ते आम्हांस प्रथमच दिसले. काही काळे, काही हिरवे, माथ्यावर पांढरे.

आम्हांस विमानतळावर आणावयास आलेले ते गृहस्थ म्हणजे तेथील शाळेतील निवृत्त विज्ञानशिक्षक. वय ७८. पत्नी निवर्तलेली, मुलगा दूर, एक एकोणीस वर्षांचा नातू जवळ राहत असे व त्या उन्हाळ्यात तो आग विझविणाऱ्या तुकडीत रोजावर होता. वृद्धांची फुफ्फुसे आधीच दुबळी होती. जुलै व ऑगस्ट त्यांनी हवा गाळणारे यंत्र लावून एका खोलीत काढले. नातू आगीत आणि आजोबा धुरात, असे ते दोन महिने गेले. पाऊस पडला त्या सायंकाळी ते आमच्या दारात आले व म्हणाले, "फादर, उद्या तुमच्या पायाच्या मापाचे बूट आणतो. नदी उघडली."

नदी उघडली म्हणजे काय, हे आम्हांस तेव्हा कळले नाही. तेथे असा नियम आहे की पाण्याचे तापमान सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे जवळजवळ २३ अंश सेल्सियसवर गेले की दुपारी २ पासून मध्यरात्रीपर्यंत मासे धरण्यास बंदी घातली जाते. ट्राउट हा गार पाण्याचा मासा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि अशा वेळी गळाला झुंज दिलेला मासा सोडून दिला तरी पुढे मरतो. या बंदीला ते लोक घुबडाचे नाव देतात. मूळ शब्द लाकूडतोड्यांचा आहे. कोरड्या उन्हाळ्यात आगीच्या भीतीने ते पहाटेच कामास लागत, घुबडे घुमत असताना, आणि दुपारी करवती बंद ठेवीत. रानासाठी काढलेला नियम अशा रीतीने नावासकट नदीत उतरला.

आता हा खेळ कसा असतो ते सांगितले पाहिजे. गळाला गांडूळ नाही, कोळंबी नाही. पिसे, केस व रंगीत दोरा बारीक आकड्यावर बांधून एक खोटी माशी बनवितात. तिला वजन असे नसतेच. वजन असते ते दोरीला. लवचीक काठीने ती जाड दोरी हवेत मागे-पुढे खेळवून, पाण्यावर वाहत आलेल्या खऱ्या माशीसारखी ती खोटी माशी अलगद उतरवायची. आमची पहिली माशी आमच्याच टोपीत रुतली व दुसरी मागच्या झुडपात. आजोबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून म्हणाले, "फादर, तुम्ही पाण्याला आशीर्वाद देत आहात. त्याची गरज नाही. मनगट स्थिर ठेवा, काम काठीला करू द्या."

हाती आलेला मासा पाण्याबाहेर न काढता आकडा सोडवून परत सोडायचा, ही तेथील रीत. आमच्या थोरल्या भगिनींना हे दूरध्वनीवरून सांगितले तेव्हा क्षणभर शांतता पसरली. मग त्या म्हणाल्या, "अरे, सोडायचाच होता तर धरलास कशाला?" याचे समाधानकारक उत्तर आम्हांस अजून सापडलेले नाही. त्या खोऱ्यातही सर्वांना ते सापडले आहे असे नाही.

शरदात ती नदी निराळीच असते. पाणी उणे आणि काचेसारखे नितळ. डोहाच्या तळाचा प्रत्येक गोटा दिसतो आणि माशालाही आपण तितकेच स्पष्ट दिसतो. म्हणून दोर लांब व अगदी बारीक लागतो. काठचे कॉटनवूड पिवळे होतात. ऑक्टोबरात लार्च नावाचे सूचिपर्णी वृक्षही आपली पाने सोन्यासारखी करून गाळतात. जाड सालीमुळे आगीतून वाचलेले काही लार्च त्या वर्षी कोळसा झालेल्या बुंध्यांच्या मधोमध पिवळेधमक उभे होते. दुपारी ऊन कोवळे झाले की तपकिरी-तांबूस मेफ्लाय वर येतात. ढगाळ, झिमझिमत्या दिवशी बेटिस जातीच्या, करड्या-हिरव्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या माश्या निघतात. वर्षभर पाण्याखाली दगडांना चिकटून काढलेला हा किडा पंख फुटल्यावर जेमतेम एक-दोन दिवस जगतो. त्या दिवसांत तो तोंडाने काही खातही नाही. ट्राउट त्याचीच वाट पाहत असतो.

धुराचाही एक गुण आजोबांनी सांगितला, तो आम्हांस प्रथम खरा वाटला नाही. दाट धुराचे छत्र ऊन अडविते, म्हणून वणव्याच्या दिवसांत मोठ्या नदीचे पाणी उलट थोडे थंड राहते. कॅलिफोर्नियातील क्लॅमथ खोऱ्यात संशोधकांनी हे मोजून २०१८ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा आम्हांस त्यांचे शब्द आठवले. माणसाची छाती भरून टाकणारा धूर माशाला सावली देत होता.

परंतु हा हिशेब तात्पुरता. खरा धोका आग विझल्यावर सुरू होतो. प्रखर आगीत पाने-मुळांतील मेणचट द्रव्यांची वाफ मातीत शिरते व थिजते, आणि मग ती माती पाणी शोषेनाशी होते. तळलेल्या कढईवरून पाणी ओघळावे तसा पाऊस उतारावरून धावतो. राख येते, मग माती, मग दगड आणि ओंडके. राखेने भरलेले पाणी कल्ल्यांत बसते. काठची झाडे जळाल्याने लहान ओढ्यांवरील सावली जाते आणि पाणी पुढे कित्येक वर्षे अधिक तापते. विमानांतून टाकण्यात येणारे लाल अग्निरोधक द्रव्यही प्रवाहात पडले तर विषासमान ठरते. ओरेगनमधील फॉल नदीत २००२ मध्ये अशाने हजारो ट्राउट मेले.

बिटररूट खोऱ्याने हे सारे पूर्वी भोगले होते. २००० सालच्या उन्हाळ्यात तेथे सुमारे साडेतीन लाख एकर जळाले. जॉन मॅकोल्गन या वनकर्मचाऱ्याने ६ ऑगस्टला टिपलेले ते छायाचित्र काही वाचकांनी पाहिलेही असेल: मागे डोंगरभर ज्वाळा आणि पुढे नदीच्या पूर्व फाट्यात गुडघाभर पाण्यात स्तब्ध उभी दोन एल्क हरणे. आगीपुरती नदी आश्रय झाली. पुढच्या वर्षी जुलैत वादळी पाऊस झाला आणि 'स्लीपिंग चाइल्ड', म्हणजे निजलेले मूल, असे गोड नाव असलेल्या ओढ्यातून चिखल-दगडांचा लोंढा उतरला. मासे नाहीसे झाले. आणि तरीही, ज्या ओढ्यांचा मुख्य नदीशी संबंध तुटलेला नव्हता, त्यांपैकी बहुतेकांत तेथील मूळचा कटथ्रोट ट्राउट तीन-एक वर्षांत पूर्वीच्या संख्येवर आला. पूर्वेकडून आणून सोडलेला ब्रूक ट्राउट मात्र भाजलेल्या ओढ्यांत तेवढ्या लवकर सावरला नाही. आगीबरोबर हजारो वर्षे नांदलेल्या माशाला परतीची वाट ठाऊक होती. अट एकच: वाट मोकळी हवी. रस्त्याखालची एखादी उंच बसविलेली मोरी ती बंद करावयास पुरेशी असते.

रविवारी मिस्सेनंतर सभागृहात कॉफी घेताना वादाला तोंड फुटे. लाकूड-गिरणीत हयात घालविलेले एक गृहस्थ म्हणत, आग पहिल्याच दिवशी का विझविली नाही? रान वेळीच तोडले असते तर एवढे इंधन साचले नसते. एक तरुण माता, जिने वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला होता, ती म्हणे, शंभर वर्षे प्रत्येक आग विझवीत आलो म्हणून तर इंधन साचले. कपातील कॉफी थंड होई. आमचे मत विचाराल तर दोघांचेही बोलणे एकाच इतिहासाची दोन टोके होती. १९१० च्या ऑगस्टात दोन दिवसांत तेथे व शेजारच्या राज्यांत ३० लाख एकर जळाले, ऐंशीच्या आसपास माणसे मेली. त्या धास्तीतून १९३५ मध्ये असा दंडक निघाला की कोणतीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. १९४९ मध्ये मान गल्च येथे अशीच एक आग विझविताना तेरा तरुण गेले. सॅलिश लोक तर पूर्वी स्वतःच मोसम पाहून गवताला हलकी आग लावीत, आणि त्या आगीत जुने पाइन वृक्ष केवळ बुंध्याशी होरपळत. ती रीत त्यांच्यासह खोऱ्यातून गेली. त्यात अलीकडचे उष्ण उन्हाळे व लवकर वितळणारे हिम. गिरणीवाल्यांची तळमळ खोटी नव्हती, परंतु 'पहिल्याच दिवशी विझवा' या त्यांच्या उपायात आम्हांस दुखण्याचे मूळ दिसे.

नॉर्मन मॅकलिन या लेखकाचे नाव त्या वादात हमखास निघे. मिझुलातील एका प्रेस्बिटेरियन पाळकांचा हा मुलगा. त्याने सत्तरी ओलांडल्यावर, १९७६ मध्ये, ब्लॅकफूट नदीवरील माशी-गळाची व आपल्या गमावलेल्या भावाची कथा प्रसिद्ध केली, आणि उरलेली वर्षे मान गल्चच्या त्या तेरा तरुणांचा शोध घेण्यात घालविली. ते दुसरे पुस्तक त्याच्या निधनानंतर १९९२ मध्ये निघाले. नदी आणि आग हे दोनच विषय एका माणसाला आयुष्यभर पुरले, याचे आम्हांस तेथे राहिल्यावर नवल वाटेनासे झाले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आजोबा, नातू व आम्ही एका ओढ्यावर गेलो. नाव मुद्दाम लिहीत नाही. तो लोलो वणव्याच्या टापूत होता. आजोबा वयाच्या सातव्या वर्षापासून तेथे मासे धरीत आले होते. पत्नीला मागणी घातली तीही तेथेच, असे नातवाने हळूच सांगितले. दोन्ही उतार काळे होते. चालताना पायाखाली राखेचा फुसफुस आवाज होई. काळ्या बुंध्यांवर सुतारपक्षी टकटक करीत होते. परंतु पाणी अजून स्वच्छ होते, कारण सप्टेंबरचा पाऊस सौम्य होता. एका डोहात दहा-बारा कटथ्रोट दाटीने उभे होते. वरच्या उथळात गोट्यांचा एक भाग घासल्यासारखा फिकट दिसत होता. आजोबांनी काठीने आम्हांस अडविले. "तेथे पाय ठेवू नका. बुल ट्राउटने अंडी घातली आहेत." बुल ट्राउट १९९८ पासून कायद्याने संरक्षित आहे.

नातू म्हणाला, "आजोबा, पुढच्या उन्हाळ्यातील पहिल्या वादळात हा डोह राहणार नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत. मग आज एकदा तरी टाका. एकच."

"त्यांना कोठे जायला जागा नाही," आजोबा म्हणाले. "कोंडलेल्या माशावर काठी उगारायची नाही."

"ते मरणारच आहेत."

"असतील. माझ्या हातून नाही."

नातवाने आमच्याकडे पाहिले. "फादर, तुम्ही सांगा ना यांना." डॉक्टरांनी आजोबांना किती मुदत दिली होती हे आम्हां तिघांनाही ठाऊक होते. ओढा सावरण्यास किती वर्षे लागतात हेही ठाऊक होते. दोन्ही आकडे जुळत नव्हते. आम्ही नातवाची बाजू घेतली. एका माशाने, तोही हलक्या हाताने सोडला तर, ओढ्याचे काही बिघडत नव्हते आणि त्या वृद्धाला ते मिळावयास हवे होते. आजही आम्हांस तसेच वाटते. आजोबांनी आमचे बोलणे नम्रपणे ऐकून घेतले, खिशातून दोरीला बांधलेला तापमापक काढला, पाण्यात सोडला, आकडा वहीत टिपला आणि दगडावर बसून भाकरीचा डबा उघडावा तसा कागदात गुंडाळलेला पाव उघडला. काठ्या जोडल्याच गेल्या नाहीत. परतताना मुख्य नदीवर त्यांनी तासभर गळ टाकला. एक मासा लागला. तो नातवाने सोडविला, कारण आजोबांना धाप लागली होती.

२०१८ च्या जुलैत नातवाचे पत्र आले. अर्ध्या तासाच्या पावसाने ओढ्याचे पाणी डांबरासारखे झाले होते, डोह चिखल-दगडांनी भरून गेला होता. आजोबा तेव्हा प्राणवायूच्या नळीवर होते. खरे सांगू का, असे त्याने त्यांना विचारले आणि त्यांनी सारे विचारून घेतले: लोंढा कोणत्या बाजूने आला, ओंडके किती, कोठे अडकले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ते गेले. आम्ही त्यांच्यासाठी येथे वसईत मिस्सा अर्पण केली.

२०२१ च्या सप्टेंबरात नातवाने पुन्हा लिहिले. ओढ्याने आपले पात्र काही हात सरकविले आहे. अडकलेल्या ओंडक्यांखाली नवा, अधिक खोल डोह झाला आहे. काठावर आल्डरची झुडपे इतकी माजली आहेत की काठी फिरविणे कठीण. डोहात पोटावर पडून त्याने हाताच्या बोटाएवढे चौदा कटथ्रोट मोजले. काठी त्याने नेली नव्हती. आजोबांची वही नेली होती. त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली त्याने त्याच तापमापकाचा आकडा लिहिला: दुपारी २ वाजता, १२ अंश.